छत्रपती संभाजीनगरच्या कला-सांस्कृतिक संस्था : सुलतानपूर परिसरातील तरुणांसाठी माहिती

सुलतानपूर हे बुलडाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यातले मोठे गाव. सरकारी नकाशात ते विदर्भात येते आणि जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. पण गाव मेहकर–सिंदखेडराजा–जालना रस्त्यावर असल्यामुळे शिक्षण, स्पर्धा परीक्षेची तयारी, दवाखाना किंवा नोकरी म्हटली की आपल्याकडची बरीच पोरं-पोरी अमरावतीपेक्षा छत्रपती संभाजीनगरची वाट धरतात. पूर्वीचे औरंगाबाद ते हेच. या लेखात जुन्या घटना सांगताना आम्ही त्या काळचे नाव वापरले आहे.

शहरात गेलेल्या तरुणांना कॉलेज, मेस, अभ्यासिका आणि बसस्थानक पटकन कळते. पण ज्या आवारात आपण प्रवेश घेतो तिथे आंबेडकरी रंगभूमीची सुरुवात कशी झाली, दलित साहित्याचे महत्त्वाचे नियतकालिक कुठून निघाले, शहरात नाटक कुठे होते, चित्रकला कुठे शिकवतात, हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. लोणार-मेहकर भागात सामाजिक काम करताना ही उणीव आम्हाला वारंवार जाणवते. म्हणून ही माहिती एकत्र केली आहे. माहितीबरोबरच एक प्रश्नही मांडायचा आहे : आपल्या चळवळीने या शहरात एवढे निर्माण केले, त्यातले संस्था म्हणून किती उभे राहिले आणि किती केवळ माणसांच्या आठवणीत उरले?

शहराची थोडक्यात ओळख

२०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ११ लाख ७५ हजारांच्या आसपास होती. मुंबई-पुण्याच्या मानाने हे मध्यम शहर. पण मराठवाड्याचे शिक्षणाचे आणि संस्कृतीचे केंद्र हेच. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी नावाने ते वसवले. मलिक अंबर हा गुलाम म्हणून भारतात आणला गेलेला हबशी, पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. औरंगजेबाच्या काळात शहराचे नाव औरंगाबाद झाले. वली आणि सिराज औरंगाबादी यांच्यामुळे उर्दू-दखनी गझलेच्या इतिहासात या शहराला मानाचे स्थान आहे.

त्यानंतर हा भाग हैदराबाद संस्थानात राहिला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हती. अस्पृश्य समाजासाठी तर शाळेचे दारही अवघड होते. पुढची सगळी गोष्ट समजून घ्यायला ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते.

बुद्धलेणी

शहरातील सर्वात जुनी कलासंस्था कोणती असे कोणी विचारले तर आम्ही बुद्धलेणीचे नाव घेऊ. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात ही लेणी तीन समूहांत कोरलेली आहेत. त्यातले चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह सर्वात जुने मानले जाते; बाकीचे महत्त्वाचे काम साधारण सहाव्या-सातव्या शतकातले आहे.

तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेल्या उपासक-उपासिकांच्या जवळपास माणसाएवढ्या मूर्ती आहेत. त्यांचे केस, दागिने, हार आणि चेहऱ्यावरचा भाव नीट पाहावा. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे. संकटात सापडलेली माणसे त्याला हाक मारत आहेत असे प्रसंग त्याच्या दोन्ही बाजूंना कोरलेले आहेत. त्याच लेण्याच्या गाभाऱ्यात एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या सहा स्त्रिया दिसतात. बौद्ध परंपरेत गाणे-वाजवणे-नाचणे याला जागा नव्हती असे म्हणणाऱ्यांना हे शिल्प दाखवावे. बाई वाजवणारी आहे, नाचणारी आहे आणि ती थेट बुद्धाच्या सान्निध्यात आहे.

अजिंठा आणि वेरूळ जगाला माहीत आहेत, त्यावर इथे वेगळे लिहीत नाही. मात्र जालना जिल्ह्यातील भोकरदन विसरू नका. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नावे आहेत. आपल्या या पट्ट्यातील माणसे दोन हजार वर्षांपूर्वी दूरच्या स्तूपासाठी दान देत होती आणि त्यांची नावे दगडावर कोरली गेली म्हणूनच ती आज आपल्याला माहीत आहेत.

अशोक विजयादशमीला बुद्धलेणीच्या पायथ्याशी हजारो उपासक जमतात. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात आहेत. एरवी तिथे फारशी गर्दी नसते. मंडळाची सहल न्यायची तर सकाळची वेळ बरी, आणि आधी कोणीतरी अभ्यास करून शिल्पांची माहिती सांगावी. नुसते सेल्फी काढून परत येण्यात अर्थ नाही.

नागसेनवन आणि मिलिंद महाविद्यालय

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आहे. एकाचे नाव महाविद्यालयाला आणि दुसऱ्याचे नाव परिसराला दिले गेले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू ही जोडी शिक्षणसंस्थेसाठी निवडणे हाच एक सांस्कृतिक निर्णय होता.

मिलिंद कला, मिलिंद विज्ञान, डॉ. आंबेडकर वाणिज्य, डॉ. आंबेडकर विधी ही महाविद्यालये आणि शाळा मिळून नागसेनवन झाले. मराठवाडा, वऱ्हाड आणि खानदेशातील खेड्यांतून पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडलेली मुले इथल्या वसतिगृहांत राहिली.

समाजशास्त्रात 'सांस्कृतिक भांडवल' अशी एक संकल्पना आहे. घरात पुस्तके, नाटक, संगीत, बोलण्याची पद्धत हे ज्याला जन्मतः मिळते तो शाळेत पुढे राहतो, असा तिचा साधा अर्थ. मिलिंदमध्ये आलेल्या मुलांच्या घरात ही पुस्तके नव्हती. पण गाणे होते, तमाशा-जलशाचा कान होता, गोष्ट सांगण्याची हातोटी होती. बाहेरच्या शहरात ज्याला किंमत नव्हती त्या गोष्टींना नागसेनवनात किंमत मिळाली. आमच्या मते या आवाराचे मोठेपण इथे आहे.

पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. युगायुगांतून चालत आलेले अस्पृश्यतेचे दुःख दाखवणारे हे नाटक पन्नासच्या दशकात मिलिंदमध्ये सादर झाले आणि धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. आंबेडकरी रंगभूमीचा इतिहास सांगताना हे नाटक सुरुवातीलाच येते. व्यावसायिक नाट्यगृह नाही, नाटक कंपनी नाही, तिकीटविक्री नाही. महाविद्यालयाच्या आवारात एक रंगभूमी सुरू झाली.

पुढे प्राचार्य म. ना. वानखडे यांनी या आवाराला जगाशी जोडले. ते अमेरिकेत शिकून आले होते आणि तिथल्या काळ्या लेखकांचे साहित्य त्यांनी विद्यार्थ्यांसमोर आणले. आपले दुःख लिहिणे म्हणजे साहित्यच, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, हा विश्वास त्या चर्चांतून पक्का झाला. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. काळ्या लोकांच्या लढ्याशी आपले नाते जोडण्याचे काम औरंगाबादच्या वर्गखोल्यांतही चालू होते.

अस्मितादर्श

मिलिंदमध्ये मराठी शिकवणारे डॉ. गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक सुरू केले. मुख्य प्रवाहातील मासिके जे लेखन छापत नव्हती किंवा त्याची भाषा 'सुधारून' मागत होती, ते इथे आहे तसे छापले गेले. यशवंत मनोहर, वामन निंबाळकर यांच्यासारख्या कवींपासून खेड्यातल्या अनोळखी मास्तरापर्यंत अनेकांना त्याने जागा दिली.

अस्मितादर्शचे दुसरे मोठे काम म्हणजे लेखक-वाचक मेळावे. निरनिराळ्या गावांत हे मेळावे भरत. नवा कवी व्यासपीठावर कविता वाचतो, समीक्षक त्यावर बोलतो आणि वाचक उठून प्रश्न विचारतो, अशी ती पद्धत. साहित्य संमेलनाच्या मांडवात ज्याला मागच्या रांगेतही जागा नव्हती तो इथे पाहुणा होता.

पानतावणे सरांचा जन्म १९३७ चा, नागपूरचा. २००९ मध्ये अमेरिकेत सॅन होजे येथे झालेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. अर्धशतकभर एका नियतकालिकाचा भार प्रामुख्याने एका माणसाने आणि एका घराने वाहिला. याबद्दल अभिमान वाटतोच. पण कार्यकर्ता म्हणून काळजीही वाटायला हवी. जे काम समाजाच्या वर्गणीवर, विश्वस्त मंडळावर आणि पगारी माणसांवर उभे राहायला हवे होते ते एकाच्या तब्येतीवर उभे होते.

विद्यापीठ, नाट्यशास्त्र विभाग आणि नामांतर

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले. सत्तरच्या दशकात तिथे नाट्यशास्त्र विभाग निघाला आणि कमलाकर सोनटक्के यांनी त्याची घडी बसवली. खेड्यातल्या मुलाला अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना शास्त्रशुद्ध शिकायची सोय मराठवाड्यात झाली. याच विभागात शिकवणारे डॉ. रुस्तुम अचलखांब यांनी तमाशा आणि लोकनाट्याचा अभ्यास केला. 'गावकी' हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. मिलिंदमधील प्रा. अविनाश डोळस, त्र्यंबक महाजन, 'थांबा, रामराज्य येतंय' लिहिणारे प्रकाश त्रिभुवन अशा मंडळींनी शहरात दलित रंगभूमी चालवली.

विद्यापीठाचा युवक महोत्सव हा या भागातल्या कलाकारांचा पहिला मंच. लोकनाट्य, एकांकिका, शाहिरी, लोकगीत, चित्रकला अशा स्पर्धा त्यात असतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्यात उतरतात. लोणार-मेहकरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्यांना मात्र अमरावती विद्यापीठाच्या महोत्सवातून जावे लागते, हे प्रवेश घेताना लक्षात ठेवावे.

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाने केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली, पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे बळी गेले. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. सोळा वर्षांचा हा लढा सगळ्यांना माहीत आहे. पण तो आपल्या गावाच्या किती जवळून गेला हे तरुणांना माहीत नसते.

सुलतानपूरहून सिंदखेडराजाकडे जाताना वाटेत खडकपूर्णा नदी लागते. प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली ११ नोव्हेंबर १९७९ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेला लाँगमार्च खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी अडवला, लाठीमार केला, लोकांना अटक केली. तेव्हा विशीत असलेली माणसे आज पासष्टी ओलांडून गेली आहेत. मार्चला भाकरी देणाऱ्या बाया, गाणी म्हणणारे गायक, रात्री मुक्कामाची सोय करणारे कार्यकर्ते यांतले जे हयात आहेत त्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या आहेत का?

आता दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या कमानीजवळ लोक जमतात. शहिदांना अभिवादन होते, गायन पार्ट्या गातात, पुस्तकांचे आणि कॅसेट-सीडीच्या जागी आता पेनड्राइव्हचे स्टॉल लागतात. कोणत्याही सरकारी महोत्सवाच्या यादीत नसलेला हा मोठा सांस्कृतिक मेळा आहे.

नाट्यगृहे, साहित्य आणि इतर कला

*नाट्यगृहे.* महानगरपालिकेची दोन प्रमुख नाट्यगृहे आहेत : उस्मानपुऱ्यातील संत एकनाथ रंगमंदिर आणि सिडकोतील संत तुकाराम नाट्यगृह. एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद होते, नंतर ते पुन्हा सुरू झाले. निराला बाजार भागात तापडिया नाट्यमंदिर आहे. राज्य नाट्य स्पर्धा आणि कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा ही हौशी कलावंतांची हक्काची जागा. 'जिगीषा' हा गट याच शहरात सुरू झाला. त्यातून पुढे आलेले चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी यांनी मुंबईच्या रंगभूमीवर नाव कमावले.

*साहित्य संस्था.* मराठवाडा साहित्य परिषदेची स्थापना १९४३ ची. तिचे 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक आहे आणि नांदापूरकर सभागृहात पुस्तक प्रकाशने, व्याख्याने होतात. बहुतेक कार्यक्रमांना प्रवेश खुला असतो, कोणीही जाऊन बसावे. बळवंत वाचनालय हे शहरातले जुने ग्रंथालय. साकेत, कैलाश यांसारखे प्रकाशक इथलेच.

*नृत्य आणि संगीत.* महात्मा गांधी मिशनच्या परिसरात १९९६ पासून 'महागामी' हे गुरुकुल आहे. पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे ओडिसी आणि कथक शिकवले जाते. 'संगीत रत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला होता. त्याच्या नावाने महागामी महोत्सव भरवते.

*चित्र-शिल्प.* शासकीय कला महाविद्यालयात चित्रकला आणि उपयोजित कलेचे शिक्षण मिळते. शासकीय असल्यामुळे शुल्क कमी, शिष्यवृत्तीही मिळते. गावात बुद्धमूर्ती घडवणारे, जयंतीचे फलक रंगवणारे हात भरपूर आहेत. त्यांच्यापैकी फार थोड्यांना हा रस्ता माहीत असतो.

*संग्रहालये.* विद्यापीठाचे इतिहास वस्तुसंग्रहालय आणि बुद्धलेणीच्या वाटेवरील सोनेरी महालातील राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय ही दोन्ही एका दिवसात पाहून होतात.

*महोत्सव.* वेरूळ-अजिंठा महोत्सव राज्याच्या पर्यटनासाठी सुरू झाला, मध्ये काही वर्षे खंड पडला आणि २०२३ मध्ये पुन्हा झाला. हिवाळ्यात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो. या दोन्ही महोत्सवांचे नाव ज्या लेण्यांवरून घेतलेले आहे त्यांत बौद्ध लेणी महत्त्वाची आहेत. त्यांच्या मंचावर बौद्ध समाजातील कलावंत, भीमगीत गाणारा गायक किंवा आंबेडकरी जलसा किती वेळा दिसतो, हे दरवर्षी कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन तपासावे. मागणी करायची तर अशी नोंद हाताशी असली पाहिजे.

सभागृहाबाहेरच्या संस्था

वरची यादी पत्ता असलेल्या संस्थांची आहे. आपल्या समाजाची बरीचशी कला पत्ता नसलेल्या ठिकाणी घडते. मलिक अंबरच्या भडकल दरवाजापाशी बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला अख्खे शहर तिथे लोटते. वस्त्या-वस्त्यांतील जयंती मंडळे, बुद्धविहारांतील वर्षावासाचे ग्रंथवाचन, महिला मंडळांची गायने, कव्वालीचे सामने, लग्नातली भीमगीते हे सगळे मिळून एक मोठे विद्यापीठच आहे. वामनदादा कर्डक यांनी हजारो गीते लिहिली ती अशाच मांडवांसाठी. भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलशांवर स्वतः पुस्तक लिहिले नसते तर त्या जलशांची कितीतरी माहिती आज मिळाली नसती.

शहराजवळ चौका येथील लोकुत्तरा महाविहारात धम्माचे शिक्षण चालते. नोव्हेंबर २०१९ मध्ये नागसेनवनाच्या मैदानावर झालेल्या जागतिक बौद्ध परिषदेला दलाई लामा आले होते आणि अनेक देशांचे भिक्खू उपस्थित होते. एवढे मोठे कार्यक्रम समाज स्वतःच्या बळावर करू शकतो. म्हणजे पैसा नाही, माणसे नाहीत, ही अडचण पूर्ण खरी नाही.

मग अडते कुठे?

आमच्या मते अडते ते नोंदीपाशी आणि सातत्यापाशी. आपण कार्यक्रम उत्तम करतो. कार्यक्रम संपला की मंडप उतरतो आणि त्याबरोबर सगळे उतरते. कोणी काय गायले, नाटकात कोण होते, भाषण काय झाले, वर्गणी किती जमली, याचा कागद दुसऱ्या वर्षी सापडत नाही. गायकाची गाण्याची वही त्याच्या मृत्यूनंतर रद्दीत जाते. मासिकाचे जुने अंक एखाद्या प्राध्यापकाच्या माळ्यावर वाळवी खाते.

वानखडे सरांनी ज्या काळ्या लेखकांची ओळख करून दिली त्यांच्याकडूनच याबाबतीत एक गोष्ट शिकता येते. आर्तुरो शॉम्बर्ग हे पोर्तो रिकोत जन्मलेले काळे गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये नोकरी करून आयुष्यभर काळ्या लोकांची पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे, पत्रके जमवत राहिले. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हा संग्रह घेतला; त्यासाठी कार्नेगी संस्थेने दहा हजार डॉलर दिले. आज हार्लेममधील शॉम्बर्ग केंद्र हे काळ्या लोकांच्या इतिहासाच्या अभ्यासाचे जगातले मोठे ठिकाण आहे. एका माणसाचा छंद सार्वजनिक संस्थेकडे वेळेवर गेला, त्याची यादी झाली, तिथे पगारी ग्रंथपाल बसला, म्हणून तो टिकला.

आपल्याकडेही नमुना आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आले. त्यांनी तेव्हा मुलाखती घेतल्या नसत्या तर त्यातल्या अनेक बायांचे नावही आज कुणाला ठाऊक नसते. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

आपल्या भागात काय करता येईल

शहरातल्या संस्था शहरातले लोक बघतील. सुलतानपूर, लोणार, बिबी, मेहकर परिसरातील तरुणांनी करण्यासारखी कामे अशी :

१. *गाण्याच्या वह्या.* गावातील जुन्या गायक-शाहिरांच्या आणि महिला मंडळांच्या वह्यांची पाने मोबाइलवर स्कॅन करावीत. मूळ वही घरच्यांकडेच ठेवावी. प्रत्येक गाण्यापुढे कवीचे नाव लिहावे. नाव माहीत नसेल तर तसे लिहावे, दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. भारतीय कायद्याने कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांचा हक्क असतो, म्हणून छापण्याआधी परवानगी घ्यावी.

२. *मुलाखती.* लाँगमार्च, नामांतर आणि १९५६ नंतरच्या धर्मांतराच्या आठवणी असलेल्या ज्येष्ठांची यादी वयानुसार करावी. सर्वात वयस्कर माणसाकडे आधी जावे. सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि त्यांची संमती बोलूनच रेकॉर्ड करावी. आजींच्या मुलाखती मुलींनी घेतल्या तर त्या अधिक मोकळेपणाने बोलतात.

३. *प्रती.* एकाच फोनमध्ये ठेवलेले रेकॉर्डिंग फोनबरोबर जाते. किमान तीन प्रती तीन ठिकाणी असाव्यात, त्यातली एक एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात देण्याचा प्रयत्न करावा.

४. *विहारातील ग्रंथालय.* कपाटभर पुस्तके आणि एक नोंदवही एवढ्यावर सुरुवात होते. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ नुसार मान्यतेसाठी अर्ज करता येतो. मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान असते.

५. *वृद्ध कलावंतांचे मानधन.* राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे. २०२४ पासून मानधन दरमहा ५,००० रुपये आहे. आपल्या गायकांना त्याची माहिती नसते आणि पुरावे नसतात. जुन्या कार्यक्रमपत्रिका, फोटो, वर्तमानपत्राची कात्रणे हाच पुरावा. नियम आणि अर्जाची चौकशी पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करावी.

६. *जयंतीचा हिशेब.* जयंतीच्या वर्गणीतील ठरावीक वाटा डीजेऐवजी स्थानिक गायन पार्टी, एकांकिका आणि पुस्तकांसाठी ठेवण्याचा ठराव मंडळाने करावा. किती वाटा, ते मंडळाने ठरवावे; पण ठराव लेखी असावा आणि पुढच्या वर्षी वाचून दाखवावा.

७. *शहराशी दुवा.* संभाजीनगरला शिकणाऱ्या गावातील मुलांचा गट करावा. नाट्यशास्त्र किंवा कला महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी सुट्टीत गावी येऊन दोन दिवसांचे शिबिर घ्यावे. आणि गावातून नव्याने जाणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात नागसेनवन, बुद्धलेणी आणि एक नाटक दाखवण्याची जबाबदारी आधीच्या मुलांनी घ्यावी.

यातले कोणतेच काम अनुदानाची वाट पाहत थांबण्यासारखे नाही. सातवे तर या जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की लगेच करता येईल. दुसऱ्याला मात्र तेवढाही वेळ नाही. खडकपूर्णेच्या पुलावर लाठ्या खाल्लेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आपल्या गावात त्यांच्यापैकी कोण आहे याची विचारपूस या रविवारी वंदनेनंतर विहारातच करावी, यादी करावी आणि पहिल्या घरी जाण्याचा दिवस तिथेच ठरवावा.

जयभीम, नमो बुद्धाय.